अहवालात नसलेल्या दोन ओळी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेत कापडाचे नमुने बहुधा कुरिअरने येतात आणि सोबतच्या पत्रात मानकाचा क्रमांक व अहवाल कधीपर्यंत हवा एवढाच मजकूर असतो. रुग्णालयाच्या चादरींचे प्रकरण तसे आले नाही. शहरातील एका खासगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या सिस्टर स्वतः दोन चादरी घेऊन आल्या. एक कोरी, घडीही न मोडलेली. दुसरी वॉर्डात वापरलेली आणि लॉन्ड्रीत अनेकदा धुऊन निघालेली. दोन्हींच्या काठाला शिवलेल्या पट्टीवर निळ्या अक्षरांत छापले होते : ‘९९.९९% जिवाणूंचा नाश, ५० धुण्यांपर्यंत’.

“मॅडम, खरेदी विभागाचं म्हणणं असं, की चादरच जंतू मारत असेल तर पेशंट तोच असताना ती रोज कशाला बदलायची? तीन दिवसांनी बदलू, पाणी वाचेल, वीज वाचेल,” सिस्टर म्हणाल्या. “मला हे पटत नाही. पण त्यांच्या हातात छापील रिपोर्ट आहे आणि माझ्या हातात काही नाही.”

तो अहवाल त्यांनी टेबलावर ठेवला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा, एका पानाचा अहवाल होता. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए या दोन्ही जिवाणूंसाठी, कोऱ्या कापडावर आणि ५० वेळा धुतलेल्या कापडावर, चारही रकान्यांत ९९.९९ हाच आकडा होता. या क्षेत्रात काम करणाऱ्याला असे चार सारखे आकडे पाहिले की थोडे थबकायला होते, कारण कापडावर चढवलेले कोणतेही फिनिश, म्हणजे रासायनिक लेप, ५० धुण्यांत तसूभरही झिजत नाही असे सहसा घडत नाही. मी आकडे बाजूला ठेवून अहवालातील बाकीचा मजकूर वाचला, आणि दोन गोष्टी त्यात कुठेच सापडल्या नाहीत : कापड कशाने धुतले, आणि चाचणीच्या शेवटी कापडावरचे जिवाणू कोणत्या द्रावणाने झटकून काढले. वाचणाऱ्याला या दोन ओळी किरकोळ वाटतील, परंतु आमच्या कामात निकालाचा सगळा भार त्यांच्यावरच असतो.

कापडाला सूक्ष्मजीवरोधक फिनिश द्यायचे म्हणजे बहुतेक वेळा कापड त्या रसायनाच्या बाथमधून काढायचे, पॅडिंग मँगलच्या दोन रुळांमध्ये पिळायचे, आणि स्टेंटर या कापड ताणून धरणाऱ्या यंत्रावर वाळवून गरजेप्रमाणे आणखी उष्णता द्यायची. रसायने मात्र निरनिराळी असतात. चांदीचे क्षार, झिंक पायरिथिओन, पीएचएमबी नावाचे जंतुनाशक पॉलिमर, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन यांचा वापर होतो. ट्रायक्लोसानही पूर्वी भरपूर वापरले जाई, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ते हात-अंग धुण्याच्या घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावल्यापासून कापडातही त्याचे नाव मागे पडले. या चादरींवर चतुर्थक अमोनियम संयुग होते, ज्याला आमच्याकडे सगळे ‘क्वाट’ म्हणतात. त्याच्या रेणूत धन विद्युतभार असलेला नायट्रोजन असतो आणि त्याला कार्बनची लांब शेपटी जोडलेली असते. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण भार असल्यामुळे हा रेणू तिकडे ओढला जातो आणि ती शेपटी पेशीपटलात शिरून ते फाडते.

या क्वाटचे कापडाच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात, आणि पुढचा सगळा गुंता त्या फरकातून झाला. एका प्रकारात रेणूच्या एका टोकाला सिलेनचा गट असतो. पाण्यात त्याचे रूपांतर होते आणि कापड वाळताना तो कापसाच्या सेल्युलोजशी व आपल्यासारख्याच शेजारच्या रेणूंशी रासायनिक बंध जोडून पृष्ठभागावर जाळे विणतो. दुसऱ्या प्रकारात असे जोडणारे टोकच नसते. कापसाच्या तंतूवरही थोडा ऋण भार असतो, म्हणून हे साधे क्वाट केवळ भाराच्या ओढीने त्याला धरून राहते, ओल्या काचेला कागद चिकटून राहावा तसे. कोऱ्या कापडावर दोन्ही प्रकार उत्तम काम करतात. त्यांच्यातला फरक पहिल्या धुण्यानंतर दिसू लागतो.

आमची मुख्य चाचणी आयएसओ २०७४३ या मानकातील शोषण पद्धतीने होते. ०.४ ग्रॅम वजनाचे कापडाचे तुकडे निर्जंतुक बाटल्यांत ठेवायचे, मिलिलिटरमागे १ ते ३ लाख जिवाणू असलेल्या द्रावाचे ०.२ मिलिलिटर त्यांवर सोडायचे, ३७ अंश सेल्सियसला १८ ते २४ तास ठेवायचे, आणि मग २० मिलिलिटर द्रावणात तुकडा जोराने हलवून जिवाणू बाहेर काढायचे व मोजायचे. शेजारी फिनिश न दिलेले तसेच कापड असते; त्यावर याच वेळात जिवाणू किमान दहापट वाढले नाहीत तर ती चाचणीच बाद धरली जाते. निकाल आम्ही टक्क्यांपेक्षा लॉगरिदमच्या आकड्यांत पाहतो : १ म्हणजे दहापट घट, २ म्हणजे शंभरपट, ३ म्हणजे हजारपट. टक्क्यांत ९९ आणि ९९.९९ शेजारी-शेजारी दिसतात, पण १ लाख जिवाणूंपैकी पहिल्यात १,००० उरतात आणि दुसऱ्यात १०. मानकानुसार हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान असेल तर परिणाम लक्षणीय आणि ३ किंवा त्याहून अधिक असेल तर प्रबळ मानतात.

यातला सर्वांत नाजूक क्षण जिवाणू झटकून काढण्याचा असतो. तुकडा द्रावणात हलवला की जिवाणूंबरोबर सुटे रसायनही द्रावणात उतरते. ते तिथेच थांबवले नाही तर बाटलीत ते जिवाणू मारत राहते, आणि पुढे पेट्री प्लेटमधल्या अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या पोषक जेलीत, गेल्यावर जे वाचले असतील त्यांनाही वाढू देत नाही. मग प्लेट कोरी दिसते आणि मोजणारा लिहितो की कापडावरचे सगळे जिवाणू मेले. म्हणून त्या द्रावणात न्यूट्रलायझर, म्हणजे ते रसायन निकामी करणारा पदार्थ, असावा लागतो. क्वाटसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० चालतात, आणि मानकात सांगितलेल्या एससीडीएलपी या माध्यमात ते दोन्ही असतात. चांदीसाठी थायोग्लायकोलेटसारखे गंधकयुक्त संयुग लागते. कोणत्या रसायनाला कोणता न्यूट्रलायझर पुरतो हे प्रत्येक नव्या नमुन्यापूर्वी तपासणे हा आमच्याकडे शिरस्ता आहे. त्यात वेळ आणि माध्यम दोन्ही खर्ची पडते, ग्राहकाला त्याचे बिल समजावून सांगावे लागते, तरी तो शिरस्ता मी कधी सोडू दिलेला नाही.

सिस्टरांच्या चादरींसाठी आम्ही नेहमीच्या चाचणीला एक जोडचाचणी लावली. कोऱ्या चादरीचे काही तुकडे आयएसओ ६३३० या धुण्याच्या मानकाप्रमाणे, त्यातल्या संदर्भ डिटर्जंटने धुतले, काही नुसत्या थंड पाण्याने; वॉर्डातली चादर आली तशीच घेतली. प्रत्येक प्रकारच्या तुकड्यांवरून जिवाणू दोन रीतींनी काढायचे ठरवले : निम्मे एससीडीएलपीने, निम्मे साध्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याने. मिठाच्या पाण्याची रीत मानकात बसत नाही. जुना अहवाल कसा तयार झाला असेल हे समजून घेण्यासाठीच ती होती, आणि तो भाग आम्ही मान्यताप्राप्त निकालांत धरला नाही. जिवाणू नेहमीचेच घेतले, एटीसीसी या जिवाणू-संग्रहातील ६५३८ क्रमांकाचा स्टॅफिलोकॉकस आणि ४३५२ क्रमांकाची क्लेब्सिएला. (चाचणीला लागणारी अशी संवर्धने पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या संग्रहातून मिळू शकतात, ही या शहरात काम करण्यातली एक मोठी सोय आहे, बाहेरगावच्या सहकाऱ्यांना त्यासाठी वाट पाहावी लागते.)

जिवाणूंच्या आधी आम्ही रंगाची एक झटपट कसोटी लावली. ब्रोमोफेनॉल ब्लू हा ऋणभारित रंग आहे आणि कापडावर क्वाट असेल तर तो त्याला धरतो. कोरा तुकडा गडद निळा झाला. नुसत्या पाण्याने ५० वेळा धुतलेला तुकडाही निळा झाला, थोडा फिका. डिटर्जंटने ५ वेळाच धुतलेला तुकडा मात्र जवळजवळ पांढरा राहिला आणि वॉर्डातली चादर पूर्ण पांढरी. इथे घाई करता येत नाही, कारण बाजारातील बहुतेक धुण्याच्या पावडरींप्रमाणे संदर्भ डिटर्जंटमध्येही ऋणभारित घटक असतो आणि तो क्वाटवर बसून त्याला झाकू शकतो. अशा वेळी क्वाट कापडावर असूनही रंग धरत नाही. रसायन निघून गेले की झाकले गेले, हे वेगळे करण्यासाठी आम्ही कोऱ्या चादरीचा एक तुकडा भाररहित साबणाने धुतला आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवला. दोन्हींचा निळा रंग बराच उतरला, मिठाच्या पाण्यातल्याचा अधिक. सिलेनच्या बंधाने जोडलेले क्वाट मिठाच्या पाण्याने सुटत नाही. भाराच्या ओढीने धरलेले मात्र सुटते, कारण मिठातले सोडियमचे आयन त्याची जागा घेतात.

प्लेट मोजण्याच्या दिवशी चादरींचे उत्पादक सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळीच आले. रुग्णालयाने त्यांचे बिल अडवले होते आणि ते स्वाभाविकपणे अस्वस्थ होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, घरात यंत्रमागाचा जुना व्यवसाय, टॉवेल आणि चादरीच करत आलेले. चहा समोर ठेवला तर त्याला हात न लावता म्हणाले, “ताई, मी सूत चांगलं वापरतो, विणणं चांगलं आहे. फिनिशचं मला काय कळतं? प्रोसेसवाल्यानं सांगितलं ते केलं, मीटरमागं पैसे जास्तीचे मोजले. आता तुम्हीच सरळ सांगा, माझ्या कापडात खोट आहे का?”

त्याच सुमारास आतून माझ्या सहकारी मुलीने हाक मारली, “मॅडम, या मालिकेतल्या प्लेट उलट्या आल्यात.”

ते पाहायला मी या उत्पादक काकांनाही आत घेऊन गेले. प्लेट नेहमी मालिकेने मांडतात : पहिली मूळ द्रावणाची, दुसरी दहापट विरळ केलेल्याची, तिसरी शंभरपट विरळ केलेल्याची. पहिल्या प्लेटवर वसाहतींची, म्हणजे जिवाणू वाढून डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्यांची, इतकी दाटी असावी की मोजता येऊ नये, दुसरीवर शे-दोनशे, तिसरीवर दहा-वीस, असा तो उतार असतो. फिनिश न दिलेल्या कापडाच्या मालिका अगदी तशा होत्या. पाण्याने धुतलेल्या चादरीचे काही तुकडे जिवाणू टाकताक्षणीच, म्हणजे रसायनाला काम करायला वेळ न देता, झटकून काढले होते. त्यांपैकी मिठाच्या पाण्याच्या मालिकेत पहिली प्लेट स्वच्छ होती, दुसरीवर तुरळक वसाहती होत्या आणि तिसरीवर, जिथे सगळ्यांत कमी असायला हव्यात तिथे, सगळ्यांत जास्त. त्याच कापडाच्या एससीडीएलपीच्या मालिकेत उतार सरळ होता आणि संख्या फिनिश नसलेल्या कापडाच्या जवळपास.

वर्षानुवर्षे प्लेट मोजल्या तरी अशी मालिका समोर आली की मी खुर्ची ओढून बसते, कारण तिच्यात निकाल आणि निकालातला दोष एकाच वेळी दिसतात. विरळ करण्याने जिवाणूंबरोबर क्वाटही विरळ झाले होते. पहिल्या प्लेटमध्ये ते इतके होते की जिवंत जिवाणूंनाही वाढता आले नाही. तिसऱ्या प्लेटमध्ये ते इतके विरळ झाले की जे जिवाणू तिथवर पोहोचले ते निर्धोकपणे वाढले. काकांना मी तेवढेच सांगितले की पहिली प्लेट कोरी आहे याचा अर्थ कापडावर जिवाणू मेले असा होत नाही, कारण तेच जिवाणू तिसऱ्या प्लेटवर जिवंत दिसताहेत. त्यांनी वाकून तिन्ही प्लेट उजेडाकडे धरून पाहिल्या आणि विचारले, “मग ज्यानं पहिलीच मोजली, त्याला शून्य दिसणार?” तेच घडले असावे असे मलाही वाटत होते.

पूर्ण मुदतीचे निकाल त्यानंतर एकेक करून वाचत गेलो. कोऱ्या चादरीवर परिणाम प्रबळ होता, योग्य न्यूट्रलायझर वापरूनही ३ च्या वर. त्या दाव्यात काही खोटे नव्हते. नुसत्या पाण्याने धुतलेल्या चादरीवर तो १ च्या आसपास उतरला होता, पण तिच्याच मिठाच्या पाण्याच्या मालिकेतली पहिली प्लेट एवढीच मोजली असती तर तिथेही ९९.९९ लिहिता आले असते. डिटर्जंटने ५ वेळा धुतलेल्या चादरीवर जिवाणू फिनिश नसलेल्या कापडाइतकेच माजले होते. वॉर्डातल्या चादरीचेही तेच. क्लेब्सिएलाचे चित्र याहून वाईट होते. अशा जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते आणि क्वाटला ते तितके सहज दाद देत नाहीत.

काकांनी तिथूनच फिनिश देणाऱ्या प्रोसेस हाऊसला फोन लावला, मग आधीचा अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेला. दुपारपर्यंत त्यांच्या मोबाइलवर कागद येऊ लागले. जुन्या चाचणीच्या नोंदवहीचे छायाचित्र आले. त्यात धुण्याच्या रकान्यात ‘पाणी’ आणि जिवाणू काढण्याच्या रकान्यात ‘सलाइन’, म्हणजे मिठाचे पाणी, असे लिहिलेले होते. त्या दोन ओळी नोंदवहीत होत्या, अहवालात उतरल्या नव्हत्या. पाण्याने धुतल्यामुळे भाराने धरलेले क्वाट बरेचसे कापडावर टिकले, आणि मिठाच्या पाण्याने नेमक्या चाचणीच्या क्षणी ते सोडवून बाटलीत आणले. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलणाऱ्या होत्या. यात कोणाचा लबाडीचा हेतू होता असे मी म्हणणार नाही, पण ज्या अहवालावर रुग्णाच्या अंथरुणाचा निर्णय होणार तो इतक्या अपुऱ्या माहितीवर देण्याचा अधिकार कोणत्याही प्रयोगशाळेला नसावा, असे माझे ठाम मत आहे.

मग रसायनाचे कागद आले. रंगीत माहितीपत्रकात लिहिले होते की हे क्वाट कापडाशी कायमचे बांधले जाते आणि त्यातून काहीही बाहेर झिरपत नाही. त्याच पानावर अगारच्या प्लेटचे मोठे छायाचित्र होते. मधोमध कापडाचा तुकडा आणि त्याच्याभोवती जिवाणूविरहित स्वच्छ वर्तुळ. असे वर्तुळ पडण्यासाठी रसायन कापडातून निघून अगारमध्ये पसरावे लागते. कापडाशी बांधलेले क्वाट तुकड्याखालचे जिवाणू मारते, पण भोवती वर्तुळ पाडत नाही. म्हणजे ते छायाचित्रच शेजारच्या मजकुराला खोडून काढत होते. मी काकांना सुरक्षा माहितीपत्रक मागवायला सांगितले. ते त्यांनी कधी पाहिले नव्हते, विक्रेते दाखवतात ते रंगीत पत्रकच. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक द्यावे लागतात. तिथे सिलेनचे नाव नव्हते, बेंझाल्कोनियम क्लोराइड होते, म्हणजे फरशी पुसण्याच्या जंतुनाशकांत असते तेच साधे, जोडटोक नसलेले क्वाट. काका बराच वेळ मोबाइलचा पडदा बघत राहिले. “बांधणारं म्हणून पैसे घेतले,” एवढेच ते म्हणाले.

रसायन कापडावरून जाते म्हणजे ते कुठेतरी पोहोचते. लॉन्ड्रीच्या पाण्याबरोबर ते गटारात, तिथून सांडपाणी प्रक्रियेच्या गाळात, आणि प्रक्रिया न झालेले पाणी या शहरात मुळा-मुठेतच मिळते. क्वाट अशा विरळ, न मारणाऱ्या प्रमाणात जिवाणूंच्या सहवासात राहिले तर ज्यांच्यापाशी ते बाहेर फेकणारे पंप आहेत त्या जिवाणूंचे फावते. स्टॅफिलोकॉकसमध्ये अशा पंपांची जनुके ठाऊक आहेत आणि ती एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर, असतात. निरुपयोगी फिनिशमुळे फक्त पैसे वाया जातात असे जे समजतात त्यांच्याशी मी या कारणाने सहमत होऊ शकत नाही.

अहवाल घेऊन मी रुग्णालयात गेले तेव्हा खरेदी विभागाचे प्रमुख, सिस्टर, लॉन्ड्रीचे पर्यवेक्षक आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर बैठकीला होत्या. अहवालावर वाद झाला नाही. प्रमुखांनी मात्र एक प्रश्न विचारला आणि तो मला त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : “समजा फिनिश खरंच टिकणारं असतं, ५० धुण्यांनंतरही ९९.९९ आलं असतं, तर चादर तीन दिवस ठेवता आली असती का?”

नसती. हे मी त्यांना सविस्तर सांगितले, कारण एवढे एक फिनिश नापास झाल्याने तो प्रश्न संपला असता तर वर्षभरात दुसऱ्या पुरवठादाराच्या चांगल्या अहवालासह तो परत आला असता. आमच्या चाचणीत जिवाणू अतिशय विरळ पोषक द्रावात असतात, तो द्राव कापडात पूर्ण मुरतो, बाटली बंद असते, आणि मारायला रात्रभराहून अधिक वेळ मिळतो. रुग्णाच्या चादरीवर घाम, रक्त, जखमेचा स्राव पडतो. प्रथिने आणि मेदद्रव्ये क्वाटला निकामी करतात. न्यूट्रलायझरमधले लेसिथिन स्वतः एक मेदद्रव्यच आहे. म्हणजे जे काम आम्ही चाचणीच्या शेवटी मुद्दाम करतो ते रुग्णाचे शरीर चादरीवर पहिल्या तासापासून करत असते. वाळलेल्या डागाच्या पोटात बसलेल्या जिवाणूपर्यंत कापडाशी बांधलेले रसायन पोहोचतही नाही. शिवाय क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जिवाणूंचे बीजाणू क्वाटला जुमानत नाहीत. चादर निर्धोक होते ती डाग निघेपर्यंत धुतल्याने, धुताना मिळणाऱ्या उष्णतेने आणि पूर्ण वाळवल्याने. ब्रिटनच्या आरोग्य सेवेच्या मार्गदर्शनात रुग्णालयाच्या कपड्यांसाठी ७१ अंशांना किमान ३ मिनिटे किंवा ६५ अंशांना किमान १० मिनिटे, आणि पाणी सगळीकडे पोहोचायला लागणारा वेळ वेगळा, असे म्हटले आहे. लॉन्ड्रीच्या पर्यवेक्षकांनी तेवढ्यात सांगितले की आपल्या यंत्रांवर ७१ चीच मांडणी आहे, पण खर्च कमी करण्याच्या चर्चेत तीही खाली आणायचे बोलणे निघाले होते. डॉक्टरांनी मान वर करून प्रमुखांकडे पाहिले. त्यांना याची कल्पना नव्हती.

मग या फिनिशचा उपयोग तरी कशाला, असेही विचारले गेले, आणि त्याचेही उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे होते. उपयोग कापडासाठी आहे. दमट हवेत पडून राहिलेल्या टॉवेलला कुबट वास येणे, मोज्यांना व खेळाच्या कपड्यांना घामाचा दर्प धरणे, तंबूच्या कापडावर बुरशीचे डाग पडणे हे चांगल्या फिनिशने खरोखर कमी होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांतही नेमकी हीच मर्यादा आहे : नोंदणीकृत रसायनाने प्रक्रिया केलेल्या वस्तूवर, ती वस्तू स्वतः टिकावी एवढाच दावा असेल तर वेगळ्या नोंदणीची गरज नाही, पण ती माणसाला रोगापासून वाचवते असे म्हणायचे असेल तर ती सूट मिळत नाही. युरोपीय संघाच्या ५२८/२०१२ या जैवनाशक नियमावलीतही प्रक्रिया केलेल्या वस्तूंमधले सक्रिय रसायन मंजूर असावे लागते आणि असा दावा केला तर लेबलवर त्याचे नाव द्यावे लागते. आपल्या रुग्णालयांच्या खरेदीच्या कागदांत ही शिस्त यावी यासाठी कोणत्या नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही. निविदेत चार ओळी वाढवल्या की पुरे.

त्या ओळी सिस्टरांनी बैठकीतच लिहून घेतल्या. सूक्ष्मजीवरोधक म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कापडासोबत सक्रिय रसायनाचे नाव आणि सुरक्षा माहितीपत्रक. धुण्याचे मानक, तापमान आणि डिटर्जंट. जिवाणू काढण्याचे द्रावण आणि न्यूट्रलायझर तपासल्याची नोंद. आणि या गुणामुळे चादर बदलण्याच्या किंवा धुण्याच्या नियमात काहीही फरक होणार नाही असे स्पष्ट वाक्य. चादरी रोज बदलायच्या हे कायम राहिले आणि लॉन्ड्रीचे तापमानही. काकांचे बिल रुग्णालयाने साध्या चादरीच्या दराने चुकते केले, कारण कापड म्हणून त्या चादरी उत्तम होत्या, धाग्यांची घनता आणि ताणबळ दोन्ही मागणीप्रमाणे होते. आमच्याच प्रयोगशाळेने ते तपासून दिले. निळ्या अक्षरांच्या पट्ट्या उसवून काढल्या गेल्या.

काकांनी विषय तिथे सोडला नाही. फिनिशचे पैसे त्यांनी विक्रेत्याकडून परत मिळवले की नाही हे मी विचारले नाही, पण पुढे त्यांनी आपल्या टेरी टॉवेलसाठी खरोखरचे सिलेन-क्वाट घेतले आणि प्रोसेस हाऊसच्या मास्टरांना सोबत घेऊन माझ्याकडे आले. मास्टर जाणते होते. ब्लीचिंगनंतर कापडात राहिलेला अल्कली नीट काढला नाही, किंवा बाथ ताजा न वापरता तयार करून ठेवला, तर सिलेन कापडाऐवजी आपापसांतच जोडले जाऊन वाया जाते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. पांढऱ्या कापडाला उजळपणा देणाऱ्या ऑप्टिकल ब्राइटनरशी त्याचे पटत नाही, कारण ते ऋणभारित असते, हेही त्यांनीच काकांना समजावले. आम्ही प्रत्येक टप्प्यावर नमुने घेतले, डिटर्जंटने धुतले, एससीडीएलपीने तपासले. २५ धुण्यांपर्यंत स्टॅफिलोकॉकसवरचा परिणाम २ च्या वर राहिला. त्यापुढे तो घसरत गेला आणि ५० व्या धुण्याला १ च्याही खाली आला. रसायन कापडावर होते, पण डिटर्जंटचा ऋणभारित थर त्यावर साचत गेला होता.

काकांनी विचारले, “२५ लिहिलं तर गिऱ्हाईक घेईल का हो? शेजारचा ५० लिहितोय.” मी म्हटले की गिऱ्हाइकाचे मला सांगता येणार नाही, पण २५ ला आमची सही मिळेल. टॉवेलच्या नव्या पट्टीवर त्यांनी छापले आहे : ‘टॉवेलला कुबट वास येऊ नये यासाठी प्रक्रिया केलेले, डिटर्जंटच्या २५ धुण्यांपर्यंत तपासलेले’. खाली बारीक अक्षरांत रसायनाचे नाव आहे.